'चालेल का?' ते 'करावंच लागेल': व्हिएतनामी सहायक क्रियापदं मराठीतून शिकताना

व्हिएतनामी शिकायला बसलेल्या मराठी माणसाच्या हातात बहुतेक वेळा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक किंवा ॲप असतं. शकणं, लागणं, पाहिजे, चालणं अशा छटा दाखवणाऱ्या क्रियापदांपाशी ते पुस्तक अडखळायला लागतं. एकाच शब्दाला चार-चार अर्थ, आणि जागा बदलली की पाचवा. माझं मत असं की या धड्यापुरतं इंग्रजी बाजूला ठेवावं आणि थेट मराठीतून विचार करावा. 'जाता येतं', 'जायला मिळतं', 'जावं लागतं', 'जायचंय', 'जायचं म्हणतोय' हे फरक आपण दिवसभर न अडखळता करतो. व्हिएतनामी माणूसही जवळपास तेच फरक करतो, फक्त त्याची हत्यारं वेगळी आहेत.

आधी लिपीबद्दल. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहितात. या लिपीची घडण सतराव्या शतकात युरोपीय पाद्र्यांनी केली, आणि अलेक्सांद्र द रोद या जेझुइटाचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. त्याच शतकात गोव्यातले जेझुइट मराठी आणि कोकणी रोमन अक्षरांत छापत होते. आपल्याकडे ती पद्धत मागे पडली, तिकडे ती राष्ट्रलिपी झाली.

इथे मी उच्चार देवनागरीत दिले आहेत. ते अंदाजापुरते घ्या, कारण सूर देवनागरीत दिसत नाहीत. उत्तरेतल्या हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत: सपाट, चढता, उतरता, हेलकावा (खाली जाऊन वर येणारा), तुटक (मध्येच घसा आवळणारा) आणि जड (खाली दाबून तोडलेला). दक्षिणेत, सायगॉनकडे, हेलकावा आणि तुटक एकच होतात, म्हणून पाच उरतात. महत्त्वाचा नवा शब्द आला की त्याचा सूर मी शेजारी सांगेन. ऐकून खात्री मात्र करून घ्या.

पायरी १: वाक्याचा सांगाडा

दोन गोष्टी सोडून द्यायच्या आहेत. पहिली, क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय. व्हिएतनामीत क्रम असा: कर्ता, मग सहायक, मग मुख्य क्रियापद, मग कर्म. 'मला भात खायचाय' हे 'मी – इच्छा – खाणे – भात' असं होतं. दुसरी, विभक्ती. मराठीत सहायक बदललं की कर्त्याचं रूप बदलतं: मी जाऊ शकतो, मला जायचंय, मी जावं. व्हिएतनामीत कर्ता जागचा हलत नाही आणि क्रियापदाला काळ, लिंग, वचन काही चिकटत नाही. 'डी' (सपाट) म्हणजे जाणे. काल गेलो तरी डी, उद्या जाणार तरी डी.

कर्ता कुठला घ्यायचा, हे मात्र नात्यावर ठरतं. आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो, तसं तिकडे 'आञ' (सपाट) म्हणजे दादा, 'ची' (जड) म्हणजे ताई, 'एम' (सपाट) म्हणजे धाकटं भावंड. गंमत अशी की हेच शब्द 'मी'साठीही चालतात. समोरची बाई वयाने मोठी असेल तर ती 'ची' आणि तुम्ही स्वतः 'एम'. 'तोय' (सपाट) हा तटस्थ 'मी' आहे. चुकीचा नाही, पण थोडा परका वाटतो. खालच्या उदाहरणांत मी बहुतेक ठिकाणी 'एम' वापरलंय.

पायरी २: डुअक, आणि तो कुठे बसतो

सगळा वेळ एकाच शब्दावर घालवायचा असेल तर तो 'डुअक' (जड) वर घालवा. मूळ लिपीत तो आडवी रेघ मारलेल्या अक्षराने सुरू होतो, म्हणून ड. त्यातला उ ओठ गोल न करता काढायचा.

एकटा आला तर त्याचा अर्थ 'चालेल'. इतका नेमका जोड शब्द दोन भाषांत क्वचित मिळतो. कोणी विचारलं, उद्या नऊ वाजता भेटू या? डुअक. पन्नास हजार डोंगला (डोंग हे तिकडचं चलन) द्याल का? डुअक. नकार द्यायचा तर 'खोंग डुअक', म्हणजे चालणार नाही. 'खोंग' (सपाट) हा नकाराचा शब्द. त्यातला ख घशातून घासत काढायचा आणि शेवटी ओठ मिटतात, त्यामुळे ऐकताना तो 'खोम' वाटतो. मान राखून होकार द्यायचा असेल तर पुढे 'झा' (जड) लावतात, दक्षिणेत त्याचा उच्चार 'या' होतो: झा, डुअक.

आता क्रियापदाबरोबर. इथे जागा बदलली की अर्थ बदलतो.

*एम डुअक डी.* मला जायला मिळालं, किंवा मिळतंय.
*एम डी डुअक.* मला जाता येईल, जाणं जमेल.

क्रियापदाच्या आधी आला तर 'करायला मिळणं': कोणी परवानगी दिली, संधी मिळाली, भाग्य लाभलं. क्रियापदाच्या नंतर आला तर 'करता येणं, जमणं': परिस्थिती किंवा ताकद आड येत नाही. नकारात हा फरक आणखी टोकदार होतो.

*एम खोंग डुअक डी.* मला जायची परवानगी नाही. घरचे सोडत नाहीत, साहेबांनी रजा दिली नाही.
*एम खोंग डी डुअक.* मला जायला जमणार नाही. पाय मुरगळलाय, वेळ नाही.

हे कुठे उपयोगी पडतं, ते जेवणाच्या टेबलावर कळतं. व्हिएतनाममध्ये ओळख झाली की बिअरच्या गप्पांना बोलावणं येतंच आणि ग्लास रिकामा राहू देत नाहीत. 'एम खोंग उअंग डुअक' ('उअंग', चढता, म्हणजे पिणे) म्हटलंत तर अर्थ होतो 'मला झेपत नाही', आणि उत्तर येतं: अहो, थोडीशी घ्या, सवय होईल. त्याऐवजी म्हणा:

*बाक सी बाओ एम खोंग डुअक उअंग बिआ.*
डॉक्टरांनी सांगितलंय, बिअर प्यायची नाही.

'बाक सी' म्हणजे डॉक्टर, 'बाओ' म्हणजे सांगणे. डुअक आधी आला, म्हणजे मनाई तुमची नाही, वरून आलेली आहे. आग्रह पुष्कळ कमी होतो.

शाकाहाऱ्यांनी मात्र उलटं करावं. 'खोंग डुअक अन थित' (मांस खायची मनाई आहे) म्हटलं तर तुम्ही आजारी आहात असं वाटू शकतं. 'एम अन चय' पुरेसं आहे: मी शाकाहारी जेवतो. 'चय' सपाट सुरात, चहातल्या च-सारखा. हा शब्द तिकडे सगळ्यांना ठाऊक असतो, कारण बरेच बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात. खरी अडचण मांसाची नसून 'नुअक मम'ची असते, म्हणजे माशाच्या सॉसची. भाजीतही तो पडतो. म्हणून पदार्थाकडे बोट दाखवून हे विचारायला शिका:

*मॉन नय ङुऽय अन चय अन डुअक खोंग?*
हा पदार्थ शाकाहारी माणसाला चालतो का?

'मॉन नय' हा पदार्थ, 'ङुऽय अन चय' शाकाहारी माणूस, 'अन डुअक' खाता येणं, आणि शेवटचं 'खोंग' आपल्या 'का?'चं काम करतं. हो, नकाराचा शब्दच वाक्याच्या शेवटी आला की प्रश्न होतो.

कर्म असेल तेव्हा डुअक कुठे ठेवायचा यावर थोडी मोकळीक आहे. 'एम नॉय डुअक तिएंग विएत' आणि 'एम नॉय तिएंग विएत डुअक' दोन्ही म्हणतात (मला व्हिएतनामी बोलता येतं). दुसरी रचना दक्षिणेत जास्त कानावर पडते. दक्षिणेतला माणूस नकारात 'एम नॉय तिएंग विएत खोंग डुअक' असंही म्हणेल. त्यात प्रश्न शोधत बसू नका.

पायरी ३: कॉ थे, म्हणजे औपचारिक 'शकतो'

पाठ्यपुस्तकं 'शकणे'साठी सगळ्यात आधी 'कॉ थे' (चढता, मग हेलकावा) शिकवतात. शब्द बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात डुअक एवढं काम करून टाकतो की कॉ थे सारखं वापरलं तर माणूस अर्ज वाचतोय असं वाटतं. त्याचे दोन खरे उपयोग आहेत.

एक, नम्र विनंती: *आञ कॉ थे झुप एम डुअक खोंग?* दादा, मला जरा मदत कराल का? 'झुप' (चढता) दक्षिणेत 'युप' होतो. कॉ थे आणि डुअक दोन्ही एकाच वाक्यात आले आहेत आणि ते चुकीचं नाही. विनंती मऊ होते.

दोन, शक्यता: *एम कॉ थे फाय डी.* कदाचित मला जावं लागेल. इथे दोन सहायक एकापाठोपाठ आहेत. त्यातला 'फाय' पुढच्या पायरीत येतोय.

नकार करताना 'कॉ' गळतो: खोंग थे. 'खोंग कॉ थे' म्हणू नका. नवशिक्याची ही खूण लगेच ओळखू येते.

पायरी ४: फाय, सक्ती आणि तिची भावंडं

'फाय' (हेलकावा, फ ओठ-दातांचा, 'फॅन'मधला) म्हणजे -आवं लागणं, -लंच पाहिजे.

*एम फाय डी.* मला जावं लागेल.

इथे इंग्रजीतून येणारे दोन खड्डे आहेत. पहिला नकाराचा. 'जायचं नाही' अशी मनाई करायची असेल तर फाय कामाचा नाही. तिथे खोंग डुअक डी लागतं. 'जायची गरज नाही' म्हणायचं तर खोंग कन डी. 'खोंग फाय डी' असंही 'जावं लागत नाही' या अर्थाने म्हणतात, पण 'खोंग फाय'चं मुख्य काम वेगळं आहे. ते नामाला नाकारतं: *एम खोंग फाय बाक सी*, मी डॉक्टर नाही. सुरुवातीला 'कन' वापरणं सोयीचं.

दुसरा खड्डा अंदाजाचा. 'तो घरी असणार' या वाक्यात सक्ती नाही, तर्क आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द वापरतात, म्हणून लोक इथेही फाय घालतात आणि वाक्याचा अर्थ 'त्याने घरी असलंच पाहिजे' होतो. बरोबर शब्द 'चक' (चढता), म्हणजे बहुतेक, नक्कीच: *चक आञ अय अऽ ञा.* तो बहुतेक घरी असेल. मराठीत 'असणार' आणि 'असायलाच हवं' वेगळे आहेतच, तेव्हा मराठीवर विश्वास ठेवा.

फायचे आणखी अर्थ रस्त्यात भेटतात. तो 'उजवा' पण आहे आणि 'बरोबर' पण. वाक्याच्या शेवटी 'फाय खोंग?' लावलं की 'होय ना?', 'बरोबर ना?'. आणि क्रियापदाच्या मागे आला तर एक मजेदार छटा येते: नको ते पदरी पडणं. *मुअ फाय हांग झा*: विकत घेतलं आणि निघालं बनावट. मराठीत आपण म्हणू, खोटा माल गळ्यात पडला. स्वतः बोलताना याची गरज कमी पडते, पण ऐकताना 'विकत घ्यावं लागलं' असा अर्थ काढलात तर गोष्ट हातची जाते.

पायरी ५: बाकीची मंडळी

ही सोपी आहेत, झरझर पाहू.

नेन (सपाट): -आवं, सल्ला. *एम नेन डी*, मी जावं हे बरं. नकार 'खोंग नेन', करू नये. हाच शब्द दोन वाक्यांच्या मध्ये आला की 'म्हणून' होतो: *एम मेत नेन खोंग डी*, मी दमलोय म्हणून जात नाही. कर्त्याच्या लगेच मागे असेल तर सल्ला, एक विधान संपल्यावर असेल तर 'म्हणून'. एवढं पाहिलंत तर सहसा चुकत नाही.

कन (उतरता): गरज. नाम आणि क्रियापद दोन्हींच्या आधी चालतो. घरांच्या फाटकांवर पाटी दिसते: *कन बान ञा*. शब्दशः 'गरज-विकणे-घर', आपल्याकडची 'घर विकणे आहे' ही पाटी.

मुअन (चढता): इच्छा, -आयचंय. *एम मुअन अन*, मला खायचंय. सूर सांभाळा; हाच शब्द जड सुरात म्हटला की अर्थ 'उशीर' होतो. दुकानात किंवा हॉटेलात काही मागताना मात्र मुअन थोडा हट्टी लागतो. तिथे 'चॉ' (सपाट, देणे) वापरतात: *चॉ एम मोत ली का फे सुअ डा*, मला एक दुधाची बर्फ घातलेली कॉफी द्या. हे सायगॉनचं वाक्य. हनोईत तीच कॉफी 'नाउ डा' म्हणून मागतात.

बिएत (चढता): शिकून येणारं कौशल्य. *एम बिएत बऽय*, मला पोहता येतं. मराठी इथे जरा गोंधळ घालते, कारण 'पोहता येतं' आपण कौशल्याला म्हणतो आणि 'आज पोहता येणार नाही' परिस्थितीला. कसोटी अशी: वाक्यात 'शिकलोय' घालून अर्थ टिकतो का पाहा. टिकला तर बिएत, नाहीतर मागे डुअक. पोहायला शिकलाय पण आज खांदा दुखतोय, तर: *एम बिएत बऽय, ञुंग होम नय खोंग बऽय डुअक.* 'ञुंग' पण, 'होम नय' आज.

डिञ (जड): बेत. *एम डिञ डी ह्वे*, मी ह्वेला जायचं म्हणतोय. ह्वे ही जुनी राजधानी, शाकाहारी जेवणासाठी नावाजलेली, त्यामुळे बेत वाईट नाही.

झाम (चढता, दक्षिणेत 'याम'): धजणं. हनोईतला रस्ता ओलांडताना *एम खोंग झाम* म्हणायची वेळ येते.

पायरी ६: नको, मनाई आणि विनवणी

'करू नको'साठी डुंग (उतरता): *डुंग लॉ*, काळजी करू नको. पाट्यांवर मनाईसाठी कम (चढता) येतो: *कम हुत थुअक*, धूम्रपानास मनाई. हे कम आणि वरचं कन कानाला जवळचे वाटतात. शेवटी ओठ मिटले तर मनाई, जीभ टेकली तर गरज.

कोणाला काही करायला सांगताना वाक्याच्या शेवटी 'डी' लावतात: *अन डी*, खा ना, घे ना. हाच 'जाणे'वाला डी आहे, पण इथे त्याला जायचं नसतं. आणखी मऊ करायचं तर शेवटी 'ञे', दक्षिणेत 'ञा'. घोषणांमध्ये आणि जाहिरातींत 'हय' (तुटक) दिसतो. घरात कोणी तसं बोलत नाही.

पायरी ७: काळ जोडणं

काळाचे शब्द सहायकाच्याही आधी बसतात, आणि नकार काळ व सहायक यांच्या मध्ये. झालेल्यासाठी 'डा' (तुटक), होणाऱ्यासाठी 'से' (तुटक), 'अजून नाही'साठी 'चुअ' (सपाट). चुअ स्वतःच नकार आहे, त्याला खोंग लागत नाही.

*एम डा फाय डी.* मला जावं लागलं.
*एम से खोंग फाय डी.* मला जावं लागणार नाही.
*एम से डुअक डी.* मला जायला मिळणार आहे.
*एम चुअ डुअक डी.* मला अजून जायला मिळालं नाही.

डुअकला भेटलात की त्याचा वाईट जुळा भाऊ 'बी' (जड) पण ओळखून ठेवा. चांगलं वाट्याला आलं तर डुअक, वाईट आलं तर बी. बक्षीस डुअक मिळतं, दंड बी होतो. 'एम बी ओम' म्हणजे मी आजारी आहे. दक्षिणेत 'ओम'च्या जागी 'बेञ'. वाहतूक पोलिसाने अडवलं ही गोष्ट सांगताना चुकून डुअक वापरलात तर ऐकणारे हसतील, कारण तुम्ही त्यात धन्यता मानताय असं होतं.

पायरी ८: प्रश्न आणि उत्तर

प्रश्नाची साधी चौकट 'कॉ … खोंग?' अशी आहे, सहायक मध्ये घालायचा. *कॉ फाय डी खोंग?* जावं लागणार का? *कॉ नेन डी खोंग?* जावं का? डुअक मागे असेल तर नुसतं 'डुअक खोंग?' पुरतं: *आञ नॉय चम लाय डुअक खोंग?* दादा, जरा हळू बोलाल का? हे वाक्य पहिल्या आठवड्यातच पाठ करा, बाकी सगळं नंतर.

उत्तर देताना 'हो'चा शब्द शोधू नका. आपण 'येतं का?' ला 'येतं' म्हणतो, 'चालेल का?' ला 'चालेल', तसंच करायचं. बिएत विचारलं तर 'बिएत' किंवा 'खोंग बिएत'. डुअक विचारलं तर 'डुअक' किंवा 'खोंग डुअक'. 'अजून नाही' अशी शक्यता असेल तिथे कोरडा नकार देण्यापेक्षा 'चुअ' म्हणतात. लग्न झालं का, या प्रश्नाला तर हमखास. हा प्रश्न पहिल्या भेटीतच येतो, आणि अविवाहिताने 'खोंग' म्हटलं तर पुढे कधी करायचंच नाही असा सूर लागतो.

सरावासाठी एकच क्रियापद धरा, डी पुरे, आणि त्याला वरच्या प्रत्येक सहायकातून न्या: आधी होकार, मग नकार, मग प्रश्न, मग 'डा' आणि 'चुअ' लावून. प्रत्येक वाक्य म्हणण्याआधी त्याचं मराठी मोठ्याने म्हणा. डुअकची चार वाक्यं (आधी, नंतर, आणि दोन्हींचे नकार) न अडखळता यायला लागली की क्रियापद बदलून 'अन' घ्या, कारण त्यात कर्म येतं आणि डुअकला जागा शोधावी लागते. शिकवणारा उत्तरेचा आहे की दक्षिणेचा, हे पहिल्या दिवशीच विचारा आणि निदान सहा महिने एकच बोली ऐका.